व्यासपीठावरील इंग्रजी : पाच-पंचवीस वाक्यांची शिदोरी



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींना गंमत वाटली असेल, तर काहींच्या कपाळाला आठ्याही पडल्या असतील. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे गावोगावी हा ज्ञानसत्राचा प्रघात पडला. अशा मराठी व्यासपीठावरून इंग्रजी कसे बोलावे हे सांगायला उभे राहणे, म्हणजे तुळशीवृंदावनात विलायती रोप लावण्यासारखे नाही काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. त्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी येणार आहोत. आधी हा विषय का घेतला ते सांगतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हुशार मुलामुलींची वाण नाही. मोताळ्याची, मेहकरची, संग्रामपूरची, सिंदखेड राजाची मुले आज अभियांत्रिकीला जातात, वैद्यकीला जातात, शेतकीच्या महाविद्यालयात जातात. विषय त्यांना येतो, पुस्तकातले इंग्रजी वाचून समजते, उत्तरपत्रिकेत लिहिताही येते. पण एक दिवस असा येतो की वर्गापुढे, परीक्षकांपुढे किंवा नोकरी देणाऱ्या मंडळींपुढे उभे राहून दहा मिनिटे इंग्रजीत आपला विषय मांडायचा असतो. त्याला आजकाल प्रेझेंटेशन म्हणतात. मुलगी उठते, पडद्यावर पहिले चित्र झळकते आणि पुढचे शब्द घशातच अडकतात. ऐकणारा समजतो, हिला काही येत नाही. वस्तुतः तिला सारे येत असते. चार वर्षांचा अभ्यास दहा मिनिटांच्या अडखळण्यापायी मातीमोल व्हावा, ही गोष्ट हळहळण्यासारखी आहे. ज्यांच्या घरी तिसऱ्या पिढीपासून इंग्रजी बोलले जाते त्यांची मुले थोड्या भांडवलावर पुढे जातात आणि आपली मुले भरल्या कोठाराच्या दाराशी किल्ली शोधत बसतात.

ही किल्ली फार मोठी नाही, एवढेच आम्हांला आज सांगायचे आहे. बोलणारा नेमका कोठे अडखळतो, ते नीट पाहा. ‘विवर’, ‘बेसॉल्ट’, ‘सिंचन’, ‘रक्तदाब’ हे शब्द त्याला इंग्रजीत पाठ असतात. एका मुद्द्यावरून दुसऱ्या मुद्द्यावर जाताना तो अडखळतो. सुरुवात कशी करावी, विषय कसा पालटावा, उदाहरण कसे काढावे, न समजलेला प्रश्न पुन्हा कसा विचारावा आणि शेवट कसा करावा, या पाच-सहा सांध्यांवर गाडी अडते. मलकापुराहून बुलढाण्याला येताना राजूर घाटात रस्ता सरळ असतो तोवर फलकाची गरज पडत नाही; वळण आले की फलक हवा. भाषणातली अशी ठरीव वाक्ये म्हणजे वळणावरचे फलक. ती बोलणाऱ्याला आधार देतातच, पण त्याहून अधिक ऐकणाऱ्याला देतात. पुस्तक वाचणारा मागचे पान उलटू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. आता आपण कोठे आलो आणि पुढे कोठे निघालो, हे त्याला वक्त्यानेच सांगावे लागते.

ही गोष्ट आपल्याला नवी आहे असे मात्र नाही. आपण कीर्तने ऐकत मोठे झालेली माणसे आहोत. शेगावच्या पालखीबरोबर पंढरीला चालत जाणाऱ्या वारकऱ्याला विचारा, चांगले कीर्तन कशाला म्हणतात. नारदीय कीर्तनात आधी नमन, मग पूर्वरंगात मुख्य अभंग आणि त्याचे निरूपण, मध्ये नामस्मरण, त्यानंतर उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी बुवा फिरून मूळ अभंगावर येतात. सभामंडपात शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीबाईलाही कळते की आता निरूपण संपले आणि कथा लागणार. ‘असो’ म्हटले की एक विषय मिटला. ‘आता’ म्हटले की दुसरा उघडला. ‘तात्पर्य’ म्हटले की सावरून बसायचे. इंग्रजी व्यासपीठावर जी वाक्ये लागतात ती याच ‘असो’, ‘आता’ आणि ‘तात्पर्य’ यांची भावंडे आहेत. रीत आपल्या रक्तात आहे, शब्द तेवढे उसने घ्यायचे आहेत.

हे शब्द आपण एका उदाहरणावर बसवून पाहू, म्हणजे ते नुसते पाठांतर होणार नाही. उदाहरणही घरचेच घेऊ. आपल्या जिल्ह्यातले लोणार सरोवर पाहायला देशोदेशींचे विद्वान येतात. समजा, लोणारच्याच एका विद्यार्थिनीला अशा पाहुण्यांपुढे दहा मिनिटे बोलायचे आहे. तिने काय म्हणावे?

प्रथम आरंभ. तिने उभे राहून एवढेच म्हणावे : ‘गुड मॉर्निंग, एव्हरीवन. थँक यू फॉर कमिंग.’ मग आपले नाव सांगावे, आणि लगेच : ‘आय ॲम गोइंग टु टॉक अबाउट लोणार लेक.’ म्हणजे, मी लोणार सरोवराविषयी बोलणार आहे. वाक्य साधे आहे, आणि साधे आहे म्हणूनच चांगले. आपल्या सभांत व्यासपीठावरील एकेका मान्यवराचे नाव घेऊन वंदन करण्याची चाल आहे. ती आपल्या जागी शोभते, पण दहा मिनिटांच्या इंग्रजी निवेदनात तिला दोन मिनिटे दिली तर विषयाला आठच उरतात. महाविद्यालयात गुरुजनांपुढे ‘रिस्पेक्टेड सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे, त्यात वावगे काही नाही. बाहेरच्या पाहुण्यांपुढे ‘एव्हरीवन’ या एका शब्दात सगळे आले.

आरंभाच्या जागी दोन खड्डे आहेत, ते सांगून ठेवतो. पहिला ‘मायसेल्फ’चा. आपल्याकडे निम्मी मुले ‘मायसेल्फ अमुक-अमुक’ असा आरंभ करतात. मराठीतल्या ‘मी स्वतः’ची ती छाया आहे. इंग्रजीत त्या जागी ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणतात. दुसरा खड्डा विनयाचा. ‘सॉरी फॉर माय बॅड इंग्लिश’ असे म्हणून बोलायला सुरुवात करणारे अनेक असतात. आपल्या परंपरेत वक्त्याने स्वतःला अल्पमती म्हणवून घेणे हे भूषण आहे आणि श्रोतेही ते खरे मानीत नाहीत. परका श्रोता मात्र ते अक्षरशः खरे मानतो आणि पुढची दहा मिनिटे आपल्या चुका मोजत बसतो. आपण होऊन त्याच्या हाती पट्टी का द्यावी?

आरंभानंतर येतो आराखडा. विद्यार्थिनीने म्हणावे : ‘आय हॅव डिव्हायडेड माय टॉक इन्टु थ्री पार्ट्स.’ माझ्या बोलण्याचे मी तीन भाग केले आहेत. ‘फर्स्ट, आय विल टेल यू हाऊ द लेक वॉज फॉर्म्ड. देन, आय विल टॉक अबाउट इट्स वॉटर. फायनली, आय विल से अ फ्यू वर्ड्स अबाउट द टेम्पल्स.’ आधी सरोवर कसे झाले, मग त्याचे पाणी, शेवटी तेथील मंदिरे. आणि जोडीला : ‘प्लीज कीप युवर क्वेश्चन्स फॉर द एंड.’ प्रश्न शेवटी विचारावेत ही विनंती. हे एक वाक्य नवख्या वक्त्याचे मोठे संरक्षण करते, कारण मध्येच आलेल्या प्रश्नाने सूत तुटते आणि मग ते हाती लागत नाही.

फर्स्ट, देन, फायनली हे शब्द आपल्या पाचवीच्या मुलालाही येतात. इतके साधे शब्द मोठ्या सभेत शोभतील काय, अशी शंका मनात येते. तिचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देऊन ठेवले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी जे भाषण केले ते या देशातल्या थोर इंग्रजी भाषणांपैकी एक आहे. त्यात एका जागी ते विचारतात की लोकशाही नावापुरती न राहता प्रत्यक्षात टिकावी असे वाटत असेल तर आपण काय केले पाहिजे, आणि मग उत्तराचे तीन भाग करतात. पहिली गोष्ट, संविधानाने दिलेले मार्ग सोडू नयेत. दुसरी, जॉन स्टुअर्ट मिल यांचा इशारा ध्यानी धरून कोणत्याही थोर पुरुषाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये. तिसरी, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता सामाजिक लोकशाही आणावी. या तिन्ही जागी त्यांनी वापरलेले शब्द ‘द फर्स्ट थिंग’, ‘द सेकंड थिंग’, ‘द थर्ड थिंग’ असे अगदी साधे आहेत. कोलंबिया आणि लंडन येथे विद्या घेतलेल्या या पंडिताला सांध्यावर अवघड शब्द घालणे कठीण नव्हते. पण विचार जड असला की सांधा सोपा हवा, हे ते जाणून होते. आपले बरेचदा उलटे होते.

आता वळणाची वाक्ये. विद्यार्थिनी पहिल्या भागाला हात घालते : ‘लेट मी बिगिन विथ द हिस्टरी.’ इतिहासापासून सुरुवात करते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे दीर्घ काळ हे ज्वालामुखीचे तोंड असावे असे अनेकांचे मत होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताच्या खुणा खडकात दाखवून दिल्या आणि आकाशातून आलेल्या अशनीच्या धडकेने बेसॉल्टच्या खडकात हे विवर झाले, हे मत पक्के झाले. येथे पहिला भाग संपतो. पुष्कळ मुले नेमकी येथे गप्प उभी राहतात किंवा ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ हे दोन शब्द जपमाळेसारखे ओढू लागतात. त्याऐवजी असे म्हणावे : ‘सो मच फॉर द हिस्टरी.’ म्हणजे आपले ‘असो’. ‘धिस ब्रिंग्ज मी टु माय नेक्स्ट पॉइंट.’ म्हणजे आपले ‘आता’. किंवा, ‘लेट अस नाऊ टर्न टु द वॉटर ऑफ द लेक.’ आता सरोवराच्या पाण्याकडे वळू. बोलता बोलता फाटा फुटला तर, ‘लेट मी गो बॅक टु माय मेन पॉइंट’. मागे सांगितलेल्याची आठवण द्यायची तर, ‘ॲज आय सेड अर्लिअर’. या चार-पाच वाक्यांवर सबंध घाट चढून होतो.

पाण्याचा भाग सांगताना चित्रे दाखवावी लागतात. त्यासाठी : ‘ॲज यू कॅन सी इन धिस पिक्चर’, या चित्रात दिसते त्याप्रमाणे, ‘प्लीज लुक ॲट द मॅप’, कृपया नकाशा पाहा, ‘ऑन द लेफ्ट’, डावीकडे. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्याची दोन चित्रे शेजारी ठेवून ती म्हणू शकते : ‘कम्पेअर दीज टू फोटोग्राफ्स.’ ही दोन छायाचित्रे ताडून पाहा. मग कारण सांगताना, ‘द रीझन इज सिंपल’, कारण सोपे आहे : खारटपणा वाढला की त्यात वाढणारे सूक्ष्मजीव हा रंग देतात. अवघड शब्द आला की लगोलग, ‘इन अदर वर्ड्स’, म्हणजेच; आणि दाखल्यासाठी ‘फॉर एक्झाम्पल’. येथे एक सावधगिरी. ‘ॲज यू ऑल नो’ हे वाक्य आपल्याकडे फार आवडते. श्रोत्याला ती गोष्ट ठाऊक असेल तर ती सांगता कशाला, आणि ठाऊक नसेल तर त्याचा उगाच पाणउतारा होतो. ‘ॲज सम ऑफ यू मे नो’, म्हणजे काहींना माहीत असेल, एवढे म्हटले की कोणी दुखावत नाही.

यापुढचा प्रकार आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो आहे खात्रीचे माप सांगणाऱ्या वाक्यांचा. लोणारचे वय किती? एका पद्धतीने मोजता ते सुमारे ५२ हजार वर्षे आले. नंतर दुसऱ्या पद्धतीने मोजले तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दोन आकड्यांत दहापटीहून अधिक अंतर आहे. अशा वेळी एकच आकडा ठामपणे ठोकून देणारा वक्ता जाणत्यांच्या मनातून उतरतो. इंग्रजीत या जागेसाठी चांगली वाक्ये आहेत : ‘इट इज एस्टिमेटेड दॅट’, असा अंदाज आहे की, ‘द एव्हिडन्स सजेस्ट्स दॅट’, पुराव्यावरून असे दिसते की, ‘सायंटिस्ट्स डिफर ऑन धिस पॉइंट’, या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. जेथे खात्री आहे तेथे मात्र कचरू नये. सरोवराचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे, हे सरळ सांगावे. २०२० साली या सरोवराची रामसर यादीत नोंद झाली, तेही सरळ सांगावे. खात्री आणि अंदाज वेगवेगळ्या शब्दांत सांगणे ही विद्वत्तेची सभ्यता आहे, आणि ती कोणत्याही भाषेत शिकण्याजोगी आहे.

याच सभ्यतेची दुसरी बाजू म्हणजे मतभेद बोलून दाखवणे. १९०२ साली नामदार गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. समोर खुद्द लॉर्ड कर्झन. खजिन्यात शिल्लक पडली म्हणून सरकारी बाजूला आनंद झाला होता. त्या अभिनंदनात आपण सामील होऊ शकत नाही, असे गोखल्यांनी आरंभीच सांगितले, आणि दुष्काळाच्या काळात अशी शिल्लक पडते याचा अर्थ रयतेवरचा कर गरजेपेक्षा जड आहे, हे आकड्यांनी दाखवले. आवाज चढवला नाही आणि मागेही हटले नाहीत. आपल्या मुलांना विरोध करायचा म्हटला की दोनच गोष्टी सुचतात : गप्प बसणे नाहीतर ‘नो, यू आर राँग’ असे तोडून टाकणे. या दोहोंच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. ‘आय सी युवर पॉइंट, बट’, तुमचे म्हणणे कळले, परंतु. ‘आय ॲम अफ्रेड आय कॅनॉट ॲग्री’, मला ते पटत नाही. ‘मे आय ॲड समथिंग?’, मी यात थोडी भर घालू काय? यातल्या ‘आय ॲम अफ्रेड’चा अर्थ भीती वाटते असा नव्हे, क्षमा असावी असा आहे.

आता प्रश्नोत्तरे. येथे पाय लटपटतात, कारण पुढचे वाक्य आपल्या हातात नसते. पाहुण्याचा उच्चार निराळा, बोलणे वेगाचे, आणि आपण तर घाबरलेले. अशा वेळी प्रश्न न समजताच मान हलवून भलतेच उत्तर देण्यापेक्षा निर्धास्तपणे म्हणावे : ‘आय ॲम सॉरी, आय डिड नॉट कॅच युवर क्वेश्चन. कुड यू प्लीज रिपीट इट?’ मला प्रश्न नीट ऐकू आला नाही, पुन्हा सांगाल काय? येथे ‘रिपीट अगेन’ म्हणू नये, कारण रिपीटमध्ये ‘पुन्हा’ आलेच. अर्धवट समजला असेल तर : ‘इफ आय अंडरस्टँड यू करेक्टली, यू आर आस्किंग अबाउट द सॉल्ट.’ म्हणजे आपण मिठाविषयी विचारता आहात, असे मी समजते. याचे दोन फायदे : प्रश्न पक्का होतो आणि विचाराला उसंत मिळते. उत्तर ठाऊक नसेल तर : ‘आय ॲम अफ्रेड आय डू नॉट नो. आय विल फाइंड आउट अँड लेट यू नो.’ मला माहीत नाही, शोधून कळवते. हे वाक्य म्हणायला धैर्य लागते. पण ज्याच्या तोंडी ते आहे, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर लोक अधिक विश्वास ठेवतात.

प्रश्नांचा विषय निघाला म्हणून एक फार जुनी, पण आजही शिकण्यासारखी हकीकत सांगतो. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात एक मराठी मुलगी इंग्रजीत बोलायला उभी राहिली. तिचे वय अठराही पुरे नव्हते. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. वैद्यक शिकायला अमेरिकेला जाण्याचे तिने ठरवले होते आणि त्यावरून चहूकडे टीका चालू होती. तिने भाषणाची रचना कशी केली? लोक जे प्रश्न तिला विचारीत होते तेच तिने एकामागून एक मांडले : मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? मी एकटी का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत काय? संकट आले तर मी काय करीन? आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते मीच का करावे? एकेक प्रश्न घ्यायचा, त्याचे उत्तर द्यायचे आणि पुढच्याकडे जायचे. विरोधकाच्या तोंडचा प्रश्न आपणच सभेपुढे ठेवला की त्याची धार निम्मी बोथट होते आणि श्रोताही वाट चुकत नाही. १८८६ साली ती फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडली, आणि पुढच्याच वर्षी आपल्याला अंतरली. तिच्या घरी तिसऱ्या पिढीपासून इंग्रजी नव्हते. भाषा तिने लग्नानंतर प्रयत्नाने मिळवलेली होती. जे सांगायचे ते ठाम होते आणि त्याला क्रम होता. म्हणून ती मिळवलेली भाषा त्या सभेला पुरी पडली.

राहिला समारोप. ‘दॅट्स ऑल’ किंवा ‘माय टॉपिक इज ओव्हर’ म्हणून एकदम खाली बसणे, म्हणजे पाहुण्याला अर्ध्या जिन्यात सोडून देणे. लोणारच्या विद्यार्थिनीने म्हणावे : ‘टु सम अप’, थोडक्यात सांगायचे तर, आणि तिन्ही भागांचे सार तीन वाक्यांत सांगावे. कीर्तनकार मूळ अभंगावर येतात तशी ही फेरी आहे. मग : ‘थँक यू फॉर युवर अटेन्शन. आय विल बी हॅपी टु आन्सर युवर क्वेश्चन्स.’ आपण लक्षपूर्वक ऐकलेत, आभारी आहे. आता प्रश्नांची उत्तरे आनंदाने देईन. एवढे म्हणून उभे राहावे, बसू नये.

मोजाल तर आम्ही सांगितलेली वाक्ये चाळिसाच्या आत आहेत. त्यातली पाच-पंचवीस तोंडात बसली तरी पुरे. ती बसवावीत कशी, याविषयी दोन शब्द. सबंध भाषण पाठ करू नये. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की सारी माळ ओघळते. पहिली दोन वाक्ये, शेवटची दोन वाक्ये आणि मधली वळणे एवढीच पाठ करावीत. बाकीचे आपल्या शब्दांत बोलावे, मग ते थोडे वाकडे झाले तरी चालेल. लिहायला बसण्यापूर्वी आपला विषय तीन वाक्यांत मराठीत लिहून काढावा. ती तीन वाक्ये लिहिता आली नाहीत तर दोष इंग्रजीचा नव्हे, विषयच अजून पचलेला नाही असे समजावे. वळणाचे वाक्य सावकाश म्हणावे आणि त्यानंतर एक श्वास थांबावे. श्रोत्यालाही वळायला वेळ लागतो. आणि सराव मनातल्या मनात करू नये, मोठ्याने करावा. घरी आई आहे, आजोबा आहेत. त्यांना इंग्रजी कळले नाही तरी बोलणारा कोठे चाचरला ते नेमके कळते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. हे सारे मराठीच्या व्यासपीठावर कशाला? १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली ती मराठीत दिली, आणि ती समजून घेण्यासाठी पुढे तिचे इंग्रजी भाषांतर करावे लागले. सांगण्यासारखे काही असले की परक्यालाही आपली भाषा समजून घ्यावी लागते, एवढा धडा त्यात आहे. तेव्हा इंग्रजी बोलता येणे म्हणजे शहाणपण, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. नुसती घोटीव वाक्ये तोंडात आणि आत विषय नाही, असे वक्तेही हल्ली दिसतात. फलक आहेत पण रस्ताच नाही, अशी त्यांची गत असते. आमचे म्हणणे एवढेच की ज्यांच्याजवळ विषय आहे त्यांना दाराशी अडवले जाऊ नये. लोणार आपल्या जिल्ह्यात आहे. त्याची हकीकत जगाला इंग्रजीत सांगायची वेळ आली तर ती सांगणारी मुलगीही आपल्या जिल्ह्यातली असावी, असे आपल्याला वाटते की नाही?

वाटत असेल तर एक काम आपण श्रोत्यांनीच हाती घेण्यासारखे आहे. आपल्या गावी वाचनालय आहे, शाळेचे सभागृह आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा. दोन विद्यार्थ्यांना बोलवा. एकाने दहा मिनिटे मराठीत बोलावे, दुसऱ्याने दहा मिनिटे इंग्रजीत, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी भाषा बदलून घ्यावी. विषय घरचे असू द्या : कपाशीवरची बोंडअळी, खामगावचा चांदीबाजार, लोणारचे पाणी. शेवटी दोघांनाही प्रश्न विचारा. चूक झाली तर हसू मात्र नका. इंग्रजीत चुकणाऱ्या मुलाला हसणारे पहिले लोक बहुधा आपल्यातलेच असतात, आणि त्या हसण्याने जितकी तोंडे बंद झाली तितकी व्याकरणाने खचित झाली नाहीत. ऐकून घेणारी सभा मिळाली की बोलणारा आपोआप तयार होतो. अशी सभा कशी असते हे आज आपण आम्हांला दाखवून दिलेच आहे.